फलाटापासून पाण्यापर्यंत

रामधन, तू गेलास तेव्हा आपण बोलत नव्हतो. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं लपवाछपवी नको. तेवीस दिवसांचा अबोला होता आपला. शाळेत असल्यापासून आपण किती वेळा भांडलो याला गणती नाही, पण सकाळचं भांडण कधी संध्याकाळच्या चहापर्यंत टिकलं नाही. हे टिकलं. मी हट्टी आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तू माझ्याहून कमी हट्टी होतास, हे आज कबूल करतो. तू जिवंत असतास तर मेलो तरी केलं नसतं.

तेरवीला गंगावहिनींनी मला पहिल्या पंगतीत बसवलं. ‘तुमी त्यांचे सगळ्यात जवळचे,’ म्हणाल्या आणि स्वतः वाढायला आल्या. त्यांना आपल्या अबोल्याचं काहीच ठाऊक नाही. तू घरी सांगितलंच नव्हतंस. ‘नकाशेवाले भाऊजी काहून येईना झाले?’ असं त्या विचारायच्या, तर तू म्हणायचास, ‘कामात हाय त्यो, येईल.’ पानावर बसून मला एक घास गिळता आला नाही. वहिनींना वाटलं, माणूस दुःखात आहे. दुःख होतंच रे. पण घास अडकला तो शरमेनं.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगतो. तू माझं ऐकून घ्यायचास, आताही घे.

दसरा झाला आणि सरपंच माझ्या ओट्यावर येऊन बसला. तूही होतास, तंबाखू मळत. तो म्हणाला, ‘काका, रेल्वेवाले हॉल्ट द्यायचा इचार करून राहिले. पण पलीकडच्या काठाला वस्ती न्हाई. आपल्या काठची माणसं होडीनं येतील, असं दाखवलं तर फाइल पुढं सरकंल.’ आपल्या तळ्याच्या पलीकडून रूळ जातात, पलीकडूनच डांबरी सडक जाते. अलीकडे गाव, आमची वस्ती आणि तुमचा तांडा. हिंगोलीला जायचं तर सडकेनं सगळ्या तळ्याला वळसा घालून डोंगरकड्याकडून जावं लागतं, आणि तुझ्या होडीनं अर्ध्या तासात पलीकडं. गाडी रोज समोरून जाते, आपली लेकरं तिला हात करतात, ती थांबत मात्र नाही. सरपंचाचं म्हणणं होतं, रेल्वे आणि होडी एकाच छपराखाली आणायची. होडीतून उतरलं की फलाट, गाडीतून उतरलं की होडी. नकाशा मी काढायचा, पाण्याचं तू सांगायचं.

तू हसलास. म्हणालास, ‘आपल्या तळ्याला टेसन? मंग उद्या इमानतळ बी मागा की.’ पण तंबाखू तोंडात टाकायची विसरलास, हे मी पाहिलं होतं.

मला तर हुरूपच आला. तीस-बत्तीस वर्षं सिद्धेश्वर धरणाच्या ऑफिसात नकाशे काढण्यात गेली. रिटायर झाल्यापासून हात नुसते शिवशिवत होते. कपाटातून जुनी टेप काढली, पेन्सिली तासल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आपण पलीकडं हजर. टेपेचं एक टोक तू धरायचं, दुसरं मी. तुझा टेपेवर भरवसा नव्हता. मी मीटर सांगितले की तू तीच जागा पायांनी मोजायचास आणि मग ओरडायचास, ‘तुझ्या टेपीत अन् माझ्या पायांत काहून फरक येऊन राहिला?’ मी म्हणायचो, तुझा डावा पाय आखूड पडतो. तू म्हणायचास, टेप जुनी झाली, ताणली गेली. शेवटी दोन्ही आकडे वहीत लिहायचे असं ठरलं. अजून तसेच लिहिलेले आहेत. एका रकान्यात माझे, एका रकान्यात तुझे.

त्या हिवाळ्याइतका आनंद मला नोकरीत कधी झाला नाही. स्टेशन कसं असतं हे मला माहीत होतं. पण आपल्या माणसांना ते कसं पाहिजे, हे तुला माहीत होतं. मी बाकडी रुळांकडं तोंड करून काढली होती, जगात सगळीकडं असतात तशी. तू म्हणालास, ‘उलटी कर. गाडी शिट्टी मारते, होडी मारत न्हाई. बसणाऱ्यानं तोंड होडीकडं ठेवावं.’ मी अर्धा दिवस वाद घातला आणि गुपचूप बाकडी फिरवली. मग तू शेळ्यांसाठी जागा मागितलीस. बाजाराच्या दिवशी माणसाबरोबर शेळी असतेच, तिला फलाटावर मोकळी सोडली तर रुळावर जाईल, होडीजवळ बांधली तर दावं तोडील. ‘सायबा, माणसाला तिकीट देशील, शेळीला काय देशील?’ म्हणून दोन लोखंडी कड्या काढल्या. रेल्वेच्या कुठल्या नकाशात शेळीची कडी असेल, तर मला दाखवा.

आणि दार. दार एवढं रुंद पाहिजे की बाजेवर निजवलेलं माणूस सरळ आत यावं, धरणाऱ्यांना तिरकं व्हायला लागू नये. हे तू दोनदा सांगितलंस.

तुला मी चिडवायचो, की तू होडीवाला, तुला इमारतीतलं काय कळतं? तू म्हणायचास, ‘आमचे पणजे बैलावर मीठ लादून मुलूखभर हिंडले. उतरायचं कुठं, ढोरं बांधायची कुठं, पाणी कोणत्या अंगाला, हे आमी इचारून शिकलो न्हाई. तुमाला तं क्वार्टर मिळतं, चावी हातात.’ मी आमच्या विहाराच्या बांधकामाचं सांगायचो, ते मीच काढलेलं आहे म्हणून. तू म्हणायचास, व्हय, अन् पावसात गळते बी.

मी तुला कधी सांगितलं नाही, पण माझी नोकरीही तुझ्यामुळं लागली. तुझ्याकडं तेव्हा होडी नव्हती, गुऱ्हाळातली मोडीत काढलेली काहील होती. गूळ आटवायची ती मोठी लोखंडी कढई. तीत बसवून तू माणसं पलीकडं न्यायचास. माझी परीक्षा होती, ओढ्याला पूर येऊन सडक बंद होती. भर तळ्यात काहील गरगर फिरायला लागली आणि मी, अठरा वर्षांचा घोडा, रडायला लागलो. तू म्हणालास, ‘रडू नको. उलटली तं तुझी वही आधी काढीन.’ मला राग आला होता. वही आधी आणि मी नंतर? आता वाटतं, बराबर बोलला होतास. मी तसाही पोहत आलो असतो. वही भिजली असती, तर जन्मभर कुणाच्या तरी रानात खुरपत बसलो असतो.

हे सगळं एक वेळ ठीक आहे. पुढचं लिहायला हात उचलत नाही.

पाडव्यानंतर नकाशा जवळजवळ तयार झाला. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईचं स्टेशन, आणि त्याच्या पायऱ्यांना लागलेलं निळं पाणी. मी तुला मोठ्या डौलात बोलावलं. तू ओट्यावर बसलास, चष्मा नाही म्हणून कागद लांब धरलास. मग विचारलंस, ‘हे पाणी कवाचं हाय?’

मी म्हणालो, ‘कवाचं म्हणजे? तळ्याचं आहे.’

‘तळ्याचंच, पण कवाचं? हे तं दिवाळीचं पाणी झालं. आज चैत हाय. आज पाणी कुठं हाय ते बघून ये.’

मला बघायची गरज नव्हती. मी रोज बघतच होतो. उन्हाळ्यात पाणी आत आत सरकतं, काठापासून लांब जातं, आणि मधे नुसता गाळ उघडा पडतो. वरच्या अंगाला वाळलेल्या गाळात लोक काकड्या, टरबुजं लावतात. पाण्याच्या अंगाला वरून पापडी आणि आत मांडीपर्यंत चिखल. हे आपल्याकडच्या शेंबड्या पोराला कळतं. पण आमच्या ऑफिसात नकाशावर पाणी काढायची एकच रीत होती. तळं काठोकाठ भरलं की पाणी जिथवर येतं, ती रेघ निळी काढायची. भर उन्हाळ्यात तळाला भेगा पडलेल्या असायच्या आणि आम्ही कूलरसमोर बसून भरलेलं तळं रंगवायचो. जमीन कुणाची बुडते, हे ठरवायला तीच रेघ लागायची, त्यामुळं चुकीचं काही नव्हतं. पण तीस वर्षं तेच केलं की हाताला दुसरं पाणी काढताच येत नाही. स्टेशनच्या नकाशातही मी तीच रेघ ओढली. आधी सवयीनं ओढली, हे तुझ्या शपथेवर खरं. नंतर तू दाखवून दिलंस, तरी तशीच ठेवली. ती मात्र समजून उमजून.

तू मला हाताला धरून पलीकडं नेलंस. दिवाळीपासून दर अमावास्येला तू पाण्याच्या कडेला बाभळीचा एकेक खुंटा ठोकत आला होतास. पलीकडच्या काठापासून आत, आत, आत, खुंट्यांची ओळच उभी होती. मला वाटायचं, होडी बांधायला असतील. तू म्हणालास, ‘घाट या शेवटच्या खुंट्यापस्तोर पाहिजे. लांबलचक दगडी उतार कर. पाणी जिथं असंल तिथं होडी लागंल, माणूस कोरड्या पायानं वर चढंल. पायऱ्या काठावरच संपल्या तं टेसन चार महिनेच कामाचं. बाकीच्या दिवसांत माझ्या सुनीतानं बॅग डोक्यावर घेऊन चिखलातून यायचं काय?’ सुनीता, तुझी एकुलती एक पोर, नांदेडला नर्सिंग शिकते. दर सुटीला ती गुडघ्याएवढ्या गाळातूनच घरी यायची.

तू खरं बोलत होतास आणि मला ते ठाऊक होतं. म्हणूनच मी चिडलो. मी म्हणालो, एवढा गाळ दाखवला तर साहेब पहिल्याच पानावर म्हणतील की होडी स्टेशनला लागतच नाही, मग कसलं एकत्र स्टेशन? फाइल तिथंच मरेल. आधी मंजूर होऊ दे, मग उताराचं बघू. तू म्हणालास, ‘मंजूर झाल्यावर कोण बघतं, सायबा? तू तीस वर्षं सरकारात काढली, तूच सांग.’

उत्तर नसलं की मी काय करतो, हे तुला चांगलं माहीत आहे. समोरच्याच्या वर्मावर बोट ठेवतो. मी म्हणालो, ‘तुला स्टेशन नकोच आहे, रामधन. स्टेशन झालं की मोटारीची बोट येईल, तुझी होडी बंद पडेल, सुगीला घरोघरचं धान्य मिळतं ते बंद होईल, म्हणून हे खुंटे दाखवून राहिलास. गावाचं भलं तुझ्या पोटाच्या आड येतंय.’

तू माझ्याकडं बघितलंस. रागावला असतास, तर बरं झालं असतं. शिवी दिली असतीस तर मी दोन दिल्या असत्या आणि संध्याकाळी चहा झाला असता. तू फक्त म्हणालास, ‘नकाशा तुझा हाय. पाणी माझं बी न्हाई अन् तुझं बी न्हाई.’ आणि मला होडीत बसवून अलीकडं आणून सोडलंस.

दुसऱ्या दिवशी मी नकाशावर सही केली आणि सरपंचाकडं दिला. तू ओट्यावर यायचा बंद झालास. मीही तांड्याकडं फिरकलो नाही. वाटायचं, येईल. मी वयानं मोठा, मी काहून जाऊ? दीड महिन्यानं मोठा आहे मी तुझ्याहून.

मग ती दुपार. तुझा पुतण्या पळत आला, ‘काका, छातीत दुखून राहिलं, ॲम्ब्युलन्सला फोन केला, पलीकडं सडकेवर येऊन राहिली.’ मी चप्पल न घालता धावलो. दोन दिवस दुखत होतं म्हणे. दोन दिवस. आणि तू कुणाला बोलला नाहीस, होडी वल्हवत राहिलास. याचा मला आजही राग येतो. घरातल्या माणसांना तकलीफ नको, हे तुझं नेहमीचंच. आता बघ, किती सोपं करून ठेवलंस सगळ्यांना.

तुला बाजेवर निजवून तुझ्याच होडीत ठेवलं. पाणी ओलांडायला वेळ लागला नाही. सडकेवर गाडी उभी दिसत होती, तिचा वरचा दिवा फिरत होता. मधे गाळ. तुझे दोन पुतणे, सरपंच आणि मी, चौघांनी बाजेचे चार खूर धरले. पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतलो. एक पाय उपसायचा तर दुसरा आत. बाज एकदा या अंगाला कलायची, एकदा त्या. पुतण्या म्हणाला, ‘काका, तुमी सोडा, तुमाला झेपत न्हाई.’ मी सोडली नाही. तुझ्या उशाकडचा खूर माझ्या हातात होता. तुझं तोंड माझ्यापासून हातभरावर. तू डोळे उघडून माझ्याकडं बघत होतास. मला बोलायचं होतं, पण श्वासच पुरत नव्हता.

तूच बोललास. तेवीस दिवसांनी. म्हणालास, ‘सायबा, दमलास. ठेव खाली जरा.’

आणि मी तुला म्हणालो, ‘गप पड. बोलू नको.’

रामधन, हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. दवाखान्यात पोचेपर्यंत दम राख, एवढाच माझा अर्थ होता. तुला कळलं असेल, असं मी स्वतःला सांगतो. पण माझा हात खरंच सुटत आला होता. आम्ही बाज टेकवली, चार श्वास घेतले, पुन्हा उचलली. तेव्हा तुझा हात बाजेखाली लोंबत होता आणि वर घेतला तरी राहत नव्हता. सडकेपर्यंत आम्ही तुला नेलंच. गाडीतल्या माणसानं तपासलं आणि टोपी काढली. मी त्याला म्हणालो, नीट बघा, आत्ता बोलत होता. त्यानं पुन्हा बघितलं बिचाऱ्यानं.

दोन दिवसांनी घरी असलेली नकाशाची प्रत उघडली. सवयीनं पेन्सिल घेऊन, आम्ही बाज कुठं टेकवली होती, ती जागा काढत गेलो. सापडली. तिथं निळा रंग दिलेला आहे. माझ्या नकाशात तू गेलास ती जागा पाण्यात आहे, होडी त्यावरून सरळ फलाटाला जाते. मी कागद दुमडला आणि सुनेला सांगितलं, मला जेवायचं नाही.

सरपंचाकडं फाइल मागायला गेलो, तर ती केव्हाच हिंगोलीला गेली होती. ‘आता पाहणीलाच येणार हायत रेल्वेचे साहेब. काका, नकाशा लई आवडला म्हणे.’ पाहणी परवा झाली. सगळं गाव होडीनं पलीकडं जमलं होतं, तांडा, वस्ती, सगळे. गाळाचा त्रास साहेबांना नको, म्हणून ते सडकेच्या अंगानं आले आणि काठावर खुर्चीत बसले. फाइल उघडून म्हणाले, ‘छान काम आहे. बोट थेट प्लॅटफॉर्मला लागते. असं असेल तर आम्हाला अडचण नाही.’ लोकांत एकदम कुजबुज झाली, बायांनी एकमेकींचे हात धरले. सरपंचानं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. हॉल्ट मिळाल्यातच जमा होता, रामधन. मी गप्प बसलो असतो, तर पुढच्या वर्षी गाडी थांबली असती.

मी उठून म्हणालो, ‘साहेब, नकाशा खोटा आहे. पाणी इथं नसतं.’

सरपंचानं माझा सदरा ओढला. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. ‘तुम्हीच काढलाय ना?’

‘मीच काढला. मला ठाऊक होतं, तरी काढला. पाणी कुठवर जातं ते दाखवतो, चला.’

ते बूट सांभाळत काठापर्यंत आले. मी खुंट्यांची ओळ दाखवली. तुझ्या बाजेची जागाही दाखवली. इथं आमचा माणूस गेला, साहेब, म्हणालो, पाण्यात नाही, गाळात. त्यांनी काठावरून वाकून बघितलं. मग म्हणाले की या नकाशावर सही करता येणार नाही, प्रस्ताव परत जाईल, दर महिन्याचं पाणी मोजून नवा करावा लागेल, म्हणजे एक वर्ष तर गेलंच. लोक माझ्यावर असे चिडले की विचारू नको. पण साहेब मागं वळून त्या खुंट्यांकडं बघत होते. ‘हे दर अमावास्येचे आहेत? नक्की?’ मी म्हणालो, नक्की. ‘मग मोजून घ्या आणि नकाशात घाला. पावसाळ्याआधी आणून द्या, वर्ष थांबायची गरज नाही.’ तुझ्या बाभळीच्या खुंट्यांनी माझी इज्जत वाचवली, गावाचं स्टेशनही कदाचित वाचवलं. कदाचित म्हणतो, कारण उताराचं साहेबांनी हो म्हटलेलं नाही.

इथंच पाहणी संपली असती तर मी रडलो असतो, घरी येऊन नव्या कागदावर बसलो असतो, आणि थोडं तरी फेडलं असं म्हणालो असतो.

साहेब फाइल मिटता मिटता थांबले. माझ्या नकाशाखाली एक कागद होता. म्हणाले, ‘आणि ही संमती कुणाची? यांना भेटायचं होतं मला.’ आणि त्यांनी वाचला. ‘तलावावर मी आजवर होडी चालवत आलो आहे. स्टेशन व घाट मंजूर झाल्यास मोटरबोट सुरू करण्यास माझी हरकत नाही. मी माझी होडी आपखुशीने बंद करीन.’ खाली तुझी सही, चौथीत काढायचास तशीच, ‘ध’ उलटा काढलेली. वर तारीख संक्रांतीच्या आधीची.

संक्रांतीच्या आधीची, रामधन. आपलं भांडण पाडव्यानंतर झालं.

सुनीता बायांत उभी होती. मी तिच्याकडं गेलो. तिला विचारलं, हे कधी? ती म्हणाली, ‘मीच लिहिलं, काका. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. म्हणले, नकाशेकाकाला सांगू नको. त्याला वाटंल मी त्याच्यावर उपकार करून राहिलो, मंग त्यो मोकळ्या मनानं भांडणार न्हाई.’

म्हणजे मी तुझ्या पोटावर बोट ठेवलं, तेव्हा तो कागद सरपंचाच्या फाइलमध्ये पडून होता. एका वाक्यात तू माझं तोंड बंद करू शकला असतास. केलं नाहीस. उलट मला होडीत बसवून घरी आणून सोडलंस. आणि गाळात, मरताना, मी दमलो हे तुला दिसलं.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. गावाला वाटतं, माझी चूक नकाशापुरतीच होती. वहिनींना वाटतं, मी तुझा सगळ्यात जवळचा. आज मी त्यांच्याकडं जाणार आहे आणि तुला काय बोललो होतो ते शब्दाला शब्द सांगणार आहे. त्यांनी दारातून हाकललं, तर हाकलू दे. पण त्याआधी तुला सांगायला पाहिजे होतं, आणि तुला सांगायची वेळ माझ्याकडं होती. तेवीस दिवस होती. तुझा तांडा माझ्या ओट्यावरून दिसतो. चुकलं माझं, एवढं म्हणायला मला उठून चालत जावं लागलं असतं, आणि मी बसून राहिलो.